चिपळ्यांचा खटका

गाणं गाऊन, वाजवून झालं, सगळे आवाज एकमेकांत बसवून झाले, की शेवटचा हात फिरवून घ्यायला लोक वेलचेरीच्या त्या मास्टरिंग स्टुडिओत येतात. कैक वर्षं तो हात श्रीरंजनी फिरवत होती आणि नाव छापून येत होतं कौशिकसरांचं. सर माणूस वाईट नव्हते, पण एकदा खुर्चीत बसले की उठायचं विसरणाऱ्यांतले होते.

यंदा मात्र त्यांनी एक अख्खं काम तिच्यावर सोपवलं. त्रिपुरसुंदरी अम्मांची हरिकथा. अम्मा तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, वय ऐंशीच्या घरात, आणि आवाजाला अजून सुरकुती नाही. सर म्हणाले, "अम्मांना पसंत पडलं तर मास्टरिंगपुढे तुझं नाव. नाही पडलं तर काम माझ्याकडे." श्रीरंजनीला दुसरं काही नको होतं. स्वतःच्या कानांनी केलेल्या कामावर स्वतःचं नाव, एवढंच.

कथेचं रेकॉर्डिंग एका सभागृहातलं. केबल कुठंतरी सैल होती, त्यामुळे कथाभर तडतड. श्रीरंजनीनं सॉफ्टवेअरमधलं तडतड काढायचं साधन उघडलं, त्यातलं तयार सेटिंग निवडलं आणि सगळ्या कथेवरून फिरवलं. तयार सेटिंग म्हणजे दुसरीच्या मापाचं पोलकं. कुठंतरी काचणारच. पण पडद्यावर आवाजाचं चित्र धुतल्यासारखं दिसायला लागलं, अम्मांचा शब्दन् शब्द खणखणीत ऐकू आला, आणि श्रीरंजनीबाई खूश झाल्या.

अम्मा एग्मोरहून ऑटोनं आल्या. एक पद ऐकलं, दुसरं ऐकलं.

"गळा बेष आहे ग," त्या म्हणाल्या. "पण माझी चिपळाकट्टै कुठं गेली?"

आपल्या चिपळ्यांना तमिळनाडूत चिपळाकट्टै म्हणतात. श्रीरंजनीनं पुन्हा नीट ऐकलं. चिपळ्या होत्या, पण नुसती घुंगरं किणकिणत होती. लाकडावर लाकूड आपटल्याचा खटका गायब. सॉफ्टवेअरला काय कळतंय! अचानक उठलेला बारीक टोकदार आवाज म्हणजे बिघाड, एवढीच त्याची अक्कल. केबलची तडतड आणि अम्मांचा ताल त्यानं एकाच केरसुणीनं झाडून काढला होता. आणि केरसुणी हिनंच हातात दिली होती.

तेवढ्यात सर आत आले. दोघींचे चेहरे बघून काय ते समजले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, म्हणजे आता ऊठ.

श्रीरंजनी उठली नाही. "चूक माझी आहे सर," ती म्हणाली. "मीच निस्तरते."

त्या साधनात एक बटण असतं. काय शिल्लक राहिलं ते नव्हे, तर काय काढून टाकलं तेवढंच ऐकवणारं. तिनं ते दाबलं. खोलीत गाणं नाही, शब्द नाहीत, नुसता खट्-खट्, खट्-खट्. मध्येच केबलची तडतड. अम्मांनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ताल धरला आणि त्या खटक्यांवर हळूच पद म्हणायला लागल्या. तडतड आली की थांबायच्या.

"हे माझं नव्हे."

श्रीरंजनी पडद्यावरचा तेवढाच ठिपका खोडायची. पुन्हा पद, पुन्हा "हे नक्को", पुन्हा खोडणं. कॉफी निवून गेली. एका जागी श्रीरंजनी आधी म्हणाली, "अम्मा, हे तुमचं नाही," आणि अम्मा हसल्या. "सरी, बरोबर. आता तुलाच कळतंय." तिथून पुढे ती एकटीच खोडत गेली आणि अम्मा नुसत्या मान हलवत राहिल्या.

संध्याकाळी तिनं उरलेले खटके परत कथेत मिसळले आणि कथा पहिल्यापासून लावली. खटका असा काही कडक वाजला, की अम्मा उठूनच उभ्या राहिल्या. कथा काय बसून सांगायची असते? हातात काही नसताना त्यांचा पंजा मिटत-उघडत होता आणि तोंडानं पद चाललं होतं. कौशिकसर मागच्या सोफ्यावर बसले होते. तेही उठले.

पद संपल्यावर सर पुढे झाले, उभ्याउभ्याच कीबोर्ड ओढून घेतला, श्रेयनामावलीत मास्टरिंगपुढे सवयीनं भरून आलेलं आपलं नाव खोडलं आणि एकेक अक्षर टाइप केलं. श्रीरंजनी रघुराम. श्रीरंजनीला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. त्या ओळीत दुसरं कुणाचंच नाव नव्हतं.