केशव डॉक्टरांचा गोड शेरा

केशव डॉक्टर मूळचे भोरचे. वडील शाळामास्तर, घरात मोठ्यानं बोलायची चाल न्हाई. आमच्या वेल्ह्याच्या डोंगरातल्या सरकारी दवाखान्यात आले तेव्हा आमी म्हणालो, हे काय हितं टिकायचे न्हाईत. टिकले. केस पिकले हितंच. पण कुणाला टाकून बोलणं त्यांना कधी जमलं न्हाई. माझी शेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात चढली तरी तिला "अहो, जरा सरका" म्हणायचे.

त्यांच्या हाताखाली पुण्याहून शिकाऊ डॉक्टर यायचे. परीक्षा पास झालेली, पण हात बसलेला नसायचा. काही महिने राहायचे, जेवायला माझ्याकडं. जायच्या दिवशी केशव डॉक्टर माझ्याच ओट्यावर बसून पोराच्या वहीत शेरा लिहायचे, की हितं काम कसं केलं. आणि मी पोराच्या हातावर दही घालायची. घरातनं निघालेल्याला दही द्यावं, गोड बोलावं, वाकडा शब्द काढू नये, ही आमच्याकडची रीत. डॉक्टरांनी ती शेऱ्यातही पाळली. सगळ्यांना एकच: उत्तम, कष्टाळू, मनमिळाऊ. सोयरीक जमवताना आमी नवऱ्या मुलाचं सांगतो ना, अगदी तसं. त्यातलं निम्मं खरं निघालं तरी नशीब.

मंदार असाच आला. किकवीचा पोरगा, वडलांचं खताचं दुकान. लई मायेचा. म्हाताऱ्यांचे पाय चेपून बघायचा, माझ्या शेरडांची नावं त्याला पाठ. खोड एकच. कळलं नसलं तरी "हो सर" म्हणायचा. पोट भरलं तरी "हो आजी" म्हणून चौथी भाकरी घ्यायचा आणि मग ओट्यावर कण्हत बसायचा. म्या म्हटलं, "अरे, नको म्हणायला काय तोंड शिवलंय?" तर हसला.

एकदा कोंडिबा धनगर पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात आला. मंदारला शंका आली होती, त्यानंच मला मागनं सांगितलं. पण सरांना कशाला त्रास, म्हणून पित्ताचं औषध देऊन त्याला बाकावर बसवलं. केशव डॉक्टर चहा पिऊन आले, कोंडिबाचा घाम बघितला आणि ओरडले, "गाडी बोलवा! हे काळजाचं दुखणं आहे." त्यांना ओरडताना म्या तेवढंच एकदा ऐकलं. कोंडिबा वाचला. मंदार भिंतीला टेकून रडायला लागला, तर डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे रे. होतं असं."

तो निघाला तेव्हा डॉक्टरांचं पेन जरा थांबलं. मंदार समोर हात पुढं करून उभा, मी दह्याची वाटी घेऊन. मग त्यांनी लिहिलं. उत्तम, कष्टाळू, मनमिळाऊ. मंदार दही चाटून एसटीत बसला.

पुढं त्याला लांब परजिल्ह्यात नोकरी लागली. तिथं शेतातनं एक बाप्या आला, साप चावला म्हणून. पाय सुजलेला न्हाई, रक्त न्हाई. मंदारला शंका आली. फोन केला तर मोठे डॉक्टर मिळत होते, पण विचारलं न्हाई. कोरडा दंश, म्हंजे विष अंगात गेलंच न्हाई, म्हणून घरी पाठवलं. तो माणूस घरीच दगावला. मागं बायको आणि लहान लेकरं.

मंदार नोकरी सोडून आला, तो थेट माझ्या ओट्यावर. केशव डॉक्टर जेवत होते.

"सर, मी विचारत नाही हे तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाही? लिहिलं का नाही?"

डॉक्टरांनी ताट सारलं. पोरगं शिव्या देतं तर बरं झालं असतं. ते वाकून पाया पडलं आणि गेलं.

तेव्हापासनं केशव डॉक्टरांनी एकच ध्यास घेतला. पुण्याला जाऊन शेरा कसा लिहावा हे शिकून आले, आणि आता शिकाऊ पोरं हाताखाली असलेल्या डॉक्टरांना भोरला गोळा करून तेच शिकवतात. तिथं जेवणाचं मी बघते, म्हणून कानावर पडतं. सुरुवातीलाच सांगतात, "आज ‘उत्तम’ हा शब्द बंद."

मागच्या खेपेला एक तरणा डॉक्टर म्हणाला, "मग काय सर, ‘बंडल’ लिहू?" सगळे हसले. केशव डॉक्टरही हसले, पण थोडंच. "तेही नको. डोळ्यांनी काय पाहिलंत ते लिहा. उद्यापासून त्यानं काय वेगळं करायचं ते लिहा. आणि निघायच्या दिवसाची वाट बघू नका. सुधारायला वेळ आहे तोवर त्याला समोर बसवून वाचून दाखवा. तो रडला तर रडू द्या. मी एकाला रडू दिलं नव्हतं." मग आमी जेवणं वाढली.

दिवाळीनंतर ते म्हणाले, "मावशी, किकवीला येता का? एकट्यानं पाय उचलत नाही." मी दह्याचा डबा घेतला. मनात आलं, पोरगं परत निघालं दवाखान्याला, तर हाताशी असावं.

मंदार वडलांच्या दुकानात पोती रचत होता. डॉक्टरांनी खिशातनं कागद काढला आणि उभ्यानंच वाचला. "मंदार रुग्णाला हात लावतो तेव्हा रुग्णाची भीती जाते. पण शंका आली तर विचारत नाही. कोंडिबाच्या वेळी विचारलं नाही. त्यानं दर शंकेला वरिष्ठांना हाक मारायची सवय लावावी. सवय लागली तर चांगला डॉक्टर होईल."

मंदारनं कागद घेऊन पुन्हा वाचला. हात खतानं माखलेले, कागदावर बोटं उठली.

"खरं आहे, सर," तो म्हणाला. "हे तेव्हा मिळालं असतं तर..." आणि गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाईक गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही रे. माझ्याकडे ये. मी सोबत बसेन."

त्यानं मान हलवली. "नको, सर."

आयुष्यात पहिल्यांदा पोरगं नको म्हणालं, आणि ते नेमकं हितं. म्या डबा उघडून पुढं केला. तसा हसला, ते जुनंच हसू.

"आजी, दही निघालेल्याला देतात. मी कुठं निघालोय?"

येताना गाडीत डबा तसाच भरलेला माझ्या मांडीवर होता.