भिंतीवर 'घर बंद'

"उठीव गं ते पोर. बाक काळा केलास की सगळा."

कवठे महांकाळजवळच्या एका गावातली शाळा. व्हरांड्यात नर्सबाई लस टोचत होती. आई माझ्या धाकट्या भावाला, सोन्याला, घेऊन आली होती. मी मागे उभी. कोळशाच्या भट्टीवरून तशाच आलेलो, अंगभर काजळी. बाक रिकामा दिसला म्हणून आईने सोन्याला टेकवला, तर एका बागायतदाराची सून अंगावर आली. तिने शिपायाकडून तो बाक धुवून घेतला. आमच्यासमोर. नर्सबाई मान वर न करता म्हणाली, "ही लस गावातल्या पोरांची हाय. तुमची तुमच्या गावाला मिळंल."

आमचं गाव म्हणजे कोयनानगरच्या वर, डोंगरातली कातकऱ्यांची वाडी. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि आम्हाला वेड्या बाभळी तोडून कोळसा पाडायला या दुष्काळी मुलखात आणून टाकायचा. निघताना दाराला काटेरी फांदी लावायची, घरात जनावर शिरू नये म्हणून. लसवाले वाडीवर थंडीतच यायचे, पावसात त्यांची जीप चढत नाही. फांदी बघायचे, भिंतीवर गेरूने 'घर बंद' लिहायचे आणि उतरायचे. तिथे आम्ही नसायचो, इथे आम्ही कुणाचेच नसायचो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

शिमग्याच्या आधी शेजारच्या भट्टीवर गोवर आला. पाणी सगळ्यांचं एकाच टाकीवर. सोन्याला ताप भरला, अंगभर पुरळ उठलं. मुकादमाने आम्हाला दवाखान्यात नेलं नाही. सरपण भरावं तसं ट्रकमध्ये भरलं. "माझी बाकीची माणसं पळून जातील," म्हणाला. "घरला जावा. तितं मरा न्हाईतर जगा."

वाडीची एक रीत होती. भट्टीवरून जे घर परत येईल, त्याच्या चुलीवरची पहिली भाकरी सगळ्या वाडीच्या पोरांची. वाडीत बारा महिने नाचणी, आम्ही देशावरून जोंधळ्याचं पीठ आणायचो. आधी परतलेल्या घरांची पोरं वाटच बघत असायची. आई म्हणाली, "आज नगं. पोर आजारी हाय."

चुलत आजी चिडली. "देशावर जाऊन परकी झालीस व्हय गं? पोरांच्या तोंडावर दार लावतीस?"

आईने भाकऱ्या थापल्या. पोरं एका ताटाभोवती बसली. सोन्या मधेच पडून खोकत होता. कुणीतरी त्यालाही घास भरवला.

सोन्या गेला. मग आजीचा नातू. मग एका घराआड एका घरातून रडणं ऐकू यायला लागलं. आजीचा मला कधीच राग आला नाही. तिने पोरांना जेवू घातलं, दुसरं काय केलं?

पोरं पुरून झाल्यावर लसवाल्यांची जीप आली. साहेब म्हणाला, "तुम्ही भटकता, म्हणून रोग पसरतो. एका जागी राहायला शिका."

आई उठून उभी राहिली. "ऱ्हातो की सायेब. कुठं ऱ्हाऊ, ती जागा दावा."

वर सरकारचं जंगल, खाली दुसऱ्यांची शेतं. साहेबाने दोन्हीकडे पाहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.

दसरा झाला, ट्रक आला. आम्ही पुन्हा चढलो. पोट काही सुतक पाळत नाही.

पुन्हा तेच गाव, तीच भट्टी. लसीचा दिवस आला तेव्हा आई जागची हलली नाही. आमच्याच भट्टीवर मावशी होती, तिची तान्ही पोर मी कडेवर घेतली आणि निघाले. हात मुद्दाम धुतले नाहीत. तोच व्हरांडा, तोच बाक. मी बरोबर मधोमध बसले.

"ए, ऊठ!" तीच सून.

मी पोरीला मांडीवर घट्ट धरलं. उठले नाही.

नर्सबाई म्हणाली, "तुला कळत न्हाई का? तुझ्या गावाला जा."

"गावाला जाऊन आलो बाई. तितं पोरं पुरून आलो. आदी हिला टोचा, मग बाक धुवा."

शिपाई बादली घेऊन उभाच राहिला. नर्सबाईने लसीचा डबा बंद केला, पिशवीत घातला आणि निघून गेली. पोर तशीच राहिली, बिनलसीची. आता पुढचं रडणं कुणाच्या घरात, मला ठाऊक नव्हतं.

पण त्या बाकावर बसूनच मी ठरवलं. पुढच्या खेपेला यायचं, त्याच्या पुढच्याही. हेच हात घेऊन, इथेच बसायचं. उठताना शिपायाला तेवढं सांगितलं, "पाणी भरून ठेवत जा."