वांझ हौदातली गाभोळी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — त्याचाही मला संशयच येतो. हलकं वाटावं म्हणून तर नाही ना?

आर्वीजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रात मी सूक्ष्मदर्शकावर बसायची. रोहूची मादी, कटल्याचा नर. अंडी फलित झाली की लगेच गरम पाण्याचा झटका. मग पिलात आईकडचे गुणसूत्रांचे दोन संच राहतात, बापाकडचा एक. तिघांत जोड्या कशा जमणार? जोडी नाही तर अंडं नाही. म्हणून तो वांझ हौद. त्यातल्या प्रत्येक मासोळीचा पोटाखालचा एक पंख मी खूण म्हणून कापलेला.

हौद सांभाळायचे मारोतीभाऊ, जंगलाकडच्या टोल्यावरचे, छोट्या वस्तीतले गोंड. एका सकाळी मेलेली मासोळी चिरून माझ्यासमोर आणली. "मॅडम, इच्यात तं गाभोळी हाये!" पोट अंड्यांनी गच्च.

वांझ मासोळीत अंडी, म्हणजे शोधच; मला आनंद व्हायला हवा होता की नाही? माझ्या डोक्यात भलतंच. यानंच चांगली मासोळी घरी नेली, बदल्यात साधी रोहू टाकली. बाप्पा, काय काय जुळवलं मी! त्यांची पिशवी तपासली — हो, त्यांच्यादेखत. भाकर आणि ठेचा निघाला.

"मी काऊन बदलवीन, मॅडम? पंख पाहा न, तुमीनच कापलता."

पंख कापलेला होता. मी म्हटलं, पंख काय, कोणीही कापेल. केंद्राच्या साहेबांना लिहून दिलं — हौदात भेसळ, मारोतीभाऊंवर संशय. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं.

त्यानंतर — नंतर! — मी त्या गाभोळीतल्या कोवळ्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आईकडचे दोन संच एकमेकांना बिलगून जोड्या करून बसलेले. बापाकडचा तिसरा सुटा, विखुरलेला. मासोळी आमचीच होती, अंडी तिचीच होती. तीनदा पाहिलं. मग ती नमुन्याची काच पर्समध्ये टाकली आणि साहेबांना सांगितलं, नमुना खराब झाला. मला शरम वाटली, पण चुकल्याची नाही. हौद धुणाऱ्या माणसापुढे चुकल्याची.

मागच्या महिन्यात आर्वीच्या बसस्टँडवर मारोतीभाऊ भेटले. आता मिळेल ती मजुरी करतात. मी नजर चुकवली, तेच जवळ आले. वाटलं, आता सुनावणार.

"मॅडम, त्या मासोळीचं काई समजलं का जी?"

मी म्हटलं, नाही. काच माझ्या कपाटात आहे.