मिठागरासारखं मैदान

पाऊस थांबून दोन तास झाले होते आणि नेरे गावाच्या मैदानात सेंटर सर्कलवर घोटाभर पाणी उभं होतं. कर्नाळ्याच्या अभयारण्यातले पक्षी इकडे वळले असते तरी नवल नव्हतं.

"मॅडम, इन्स्पेक्शनला वीस दिवस उरलेत," क्लबचा सेक्रेटरी विलास म्हणाला. "ग्राउंड पास झालं नाही तर वरच्या लीगचा चान्स गेला."

त्यांचा फुटबॉल क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये पहिला आला होता. पण नुसतं जिंकलं म्हणून वरची लीग दार उघडत नाही. स्वतःचं धड मैदान दाखवावं लागतं. मी तीस वर्षं ड्रेनेज डिझाइन केलं, म्हणजे साध्या मराठीत गटारं. रिटायर होऊन खांदा कॉलनीत निवांत बसले होते, तिथून विलासनं मला उचलून आणलं.

मी लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे तिवईवरची दुर्बीण. जमिनीचा चढउतार तिच्यातून मोजतात. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत बोटभराचाही फरक नाही! इतकी सपाट जमीन मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. कडेनं पक्का बांध, हरळीखाली चोपून चोपून घट्ट केलेली चिकणमाती.

"हे केलं कोणी?"

"मीच," बांधावरून उत्तर आलं. विलासचे वडील, बाळारामआबा, छाती काढून उभे होते. "पायांनी चोपलाय. एक थेंब खाली जानार नाय."

आबांचा जन्म मिठागरात गेलेला. मिठाचा वाफा असाच करतात, सपाट आणि पाणी धरून ठेवणारा. आपली जमीन त्यांनी क्लबला दिली होती आणि तिच्यावर अव्वल दर्जाचं मिठागर बांधलं होतं.

"आबा, इथलं पाणी जायला हवं."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग मीच पोरांचा घात केला म्हना की."

मला फार वाईट वाटलं. "घात नाही हो. काम उलटं झालं, पण केलंत सुरेख."

उपाय असा ठरला: मध्यापासून दोन्ही कडांकडे उतरते, वीतभर रुंद चर खणायचे, त्यांत खडी आणि रेती भरायची, वर हरळी परत बसवायची आणि बांधातून ओढ्याकडे वाट काढायची. गाव कामाला लागलं. भातलावणीत हात बसलेल्या बायकांनी हरळीचे तुकडे असे लावले की सांधा दिसेना.

बाराव्या दिवशी आबा एका चरात तांब्यानं पाणी ओतत बसले होते.

"बाय, हितं पानी मागं येतंय."

"मशीननं मोजलंय, आबा."

"मशीनला परत ईचारा. पानी खोटं नाय बोलत."

मला रागच आला. गटारांचा उतार आता मला शिकवणार! तणतणत जाऊन पाहिलं, तर तिवईचा एक पाय चिखलात रुतलेला. सकाळपासूनची सगळी मापं चुकली होती. चार चर पुन्हा खणावे लागले. त्यानंतर माझं प्रत्येक माप आबांच्या तांब्यानं पास केल्याशिवाय पुढे गेलं नाही.

इन्स्पेक्शनच्या दिवशी लख्ख ऊन.

"कोरड्या ग्राउंडचं मी काय बघू?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"टँकर मागवलाय," आबा म्हणाले.

अख्खा टँकर सेंटर सर्कलवर रिकामा झाला. पाणी उभं राहिलं. विलासनं डोळे मिटून घेतले. मग हळूहळू हरळीची टोकं वर आली. तिकडे बांधातल्या वाटेच्या तोंडाशी बसलेले आबा ओरडले, "आलं! आलं!" इन्स्पेक्टरांनी बूट आपटून पाहिला, चिखल उडाला नाही, आणि फॉर्मवर सही केली. मी मोठमोठे प्रोजेक्ट पूर्ण केलेत, पण ऊर असा भरून आला तो त्याच दिवशी.

वरच्या लीगमधली पहिली मॅच भर पावसात झाली. आम्ही तीन-शून्य हरलो. मैदान इतकं चांगलं होतं की चिखलाचं निमित्त सांगायचीही सोय नव्हती.

"पानी गेला ना?" आबा म्हणाले. "गोल पोरं शिकतील."

मी शिकले ते एवढंच. पाणी कुठून पळतं हे, ज्यानं जन्मभर पाणी अडवलं त्याला विचारावं. आणि त्याच्याशी वाद घालण्याआधी तिवईचे पाय बघून यावेत.