चहाच्या आधी अंथरूण

आमच्या गावात शिस्त म्हटलं की माझ्या नवऱ्याचं नाव निघतं. पहाटे उठणारा माणूस, दाढी केल्याशिवाय उंबऱ्याबाहेर न पडणारा माणूस. फौजेत होता ना, म्हणतात. मी ऐकून घेते आणि मला राग येतो. इतकी वर्षं झाली, राग काही कमी झालेला नाही. ही शिस्त फौजेतून आलेली नाही. ती आमच्या घरात, चुलीपुढं, माझ्याशी भांडून आलेली आहे.

ते पेन्शनवर घरी आले तेव्हा नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. वय चाळीसही नव्हतं. पहिले आठ दिवस त्यांना पहाटे आपोआप जाग यायची. मग इथं बिगूल वाजवणारं कोणी नाही हे लक्षात आलं. आठाला उठू लागले, मग नवाला, मग दहाला. साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरी लागली होती, ती रोज उशिरा पोचून दोन महिन्यांत घालवली. त्यानंतर अंथरूण दिवसभर पडूनच राहू लागलं. ट्रंकेतल्या बुटांना बुरशी आली.

सगळे म्हणायचे, बर्फात दिवस काढलेत, आता आराम करू दे. सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायच्या. मीही तेच मानलं. ती चूक माझी, मी झाकत नाही. दीड वर्ष मी त्यांना अंथरुणात चहा दिला. फौजीच्या बायकोनं असंच करायचं असतं असं वाटायचं. त्याआधी सतरा वर्षं घर, रान आणि दोन म्हशी मी एकटीनं सांभाळल्या होत्या. त्याला शिस्त म्हणावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

माझं माहेर कवठे महांकाळकडचं. एके दिवशी तिकडून माझा थोरला भाऊ आला. साडेअकरा वाजलेले आणि हे झोपलेले. सासूबाईंनी त्याला सांगितलं, लेकाला बरं नाही. भाऊ घाबरला. मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं नेऊ, मी गाडी बघतो, म्हणून उठलाच. मग मला बोलावं लागलं.

"आजारी न्हाईत. झोपल्यात."

भावानं माझ्याकडं पाहिलं नाही. चहा न घेताच गेला. तेव्हा मला कळलं की मी काही केलं नाही तर हा माणूस अंथरुणातच म्हातारा होणार, आणि मी चहा देत राहणार.

दुसऱ्या सकाळी मी म्हणाले, "आवं, आधी अंथरुणाची घडी घाला. मग चहा."

ते हसले. "आन तू गं? दिसातनं चारदा त्या मिशरीच्या डबीवर बसतीस. ती सोड, मग मला हुकूम दे."

खरं होतं. तव्यावर तंबाखू जाळून केलेली मिशरी दाताला लावत पायरीवर बसले की अर्धा तास मी उठायची नाही. सकाळची लावल्याशिवाय पोटही साफ व्हायचं नाही. मग ठरलं ते असं: दिवस उगवायच्या आत त्यांनी घडी घातली, तर त्या सकाळची मिशरी मी लावायची नाही. फक्त सकाळची. यापेक्षा जास्त ठरवलं असतं तर दोघांनीही तिसऱ्या दिवशी सोडून दिलं असतं.

पहिल्या दिवशी घडी म्हणजे गोधडीचं गाठोडं होतं. पलटणीत ही चालली असती का, असं मी विचारलं, तेव्हा मुकाट्यानं सोडून पुन्हा घातली. माझं डोकं दुपारपर्यंत ठणकत होतं. चौथ्या दिवशी ते उठले नाहीत आणि सासूबाईंनी गुपचूप चहा नेऊन दिला. मी चहापावडरचा डबा उचलला आणि गोठ्यात नेऊन ठेवला. सासूबाईंनी गल्लीभर केलं, सुनेनं लेकाचा चहा तोडला. नळावर बायका टोमणे मारायच्या. धडधाकट माणसाला अंथरुणात चहा कशाला लागतो, हे त्यांतल्या एकीनंही विचारलं नाही.

पुढं पंधरा दिवस नीट गेले. मग मीच घसरले. सकाळी शेजारणीनं डबी पुढं केली आणि मी बोट बुडवलं. घरी येऊन चूळ भरली असती तर भागलं असतं. पण मी सरळ सांगितलं, "आज मी लावली. उद्या तुमी झोपा, मला बोलायला त्वांड न्हाई."

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा त्यांचं अंथरूण कोपऱ्याला कोपरा लावून ट्रंकेवर ठेवलेलं होतं आणि ते दाढी करत होते.

दाढीमागून गोठा झाडणं आलं. मग डेअरीला दूध घालणं. डेअरीवाला साडेसहाला काटा बंद करतो, कोणासाठी थांबत नाही. त्यांना बिगूल हवा होता, तो मिळाला. वर्षभरानं लोणंदला एका गोदामावर नोकरी लागली आणि ती टिकली. माझी मिशरीही एकेक वेळ करत सुटली. दुपारच्या मिशरीनं फार छळलं.

मग शाळेनं झेंडावंदनाला यांना पाहुणा म्हणून बोलावलं. हार घातला, नारळ दिला. हे उभे राहिले आणि म्हणाले, मला शिस्त फौजेनं लावली, ती अजून अंगात आहे. टाळ्या वाजल्या. मी बायकांच्यात बसले होते. मी चौथी शिकलेली, भाषण मला येत नाही. पण खोटं मला कळतं.

वाटेत मी विचारलं, "फौजेनं लावली, तर दीड वरीस कुठं गेली हुती?"

"अगं, पोरांपुढं काय सांगू? बायकूनं चहा तोडला म्हणून?"

"व्हय. तेच सांगायचं."

ते हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या सकाळी घडी झाली, दाढी झाली, येऊन चुलीपुढं बसले. मी भाकरी थापत राहिले. बराच वेळ वाट बघून त्यांनी चहाचं विचारलं.

"फौजेकडं मागा," मी म्हणाले.

ते मग उठले, डबा काढला, स्टो पेटवला आणि दोन कप चहा केला. साखर जास्त झाली होती. मी तसं सांगितलं. तेव्हापासून सकाळचा चहा तेच करतात, आता साखरही बरोबर पडते. दर झेंडावंदनाच्या भाषणातलं ते वाक्य मात्र त्यांनी अजून बदललेलं नाही.