वडिलांना न पटलेली पोस्ट
टँकरच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की मला बायपासजवळच्या आमच्या नव्या वसाहतीतली दुष्काळातली एक दुपार आठवते. आमचे नळ कोरडे ठेवून सरकार कारखान्यांना पाणी देतं, असं मी इंटरनेटवर लिहिलं होतं आणि ते बऱ्याच जणांनी पुढं पाठवलं होतं. त्या दुपारी एक पोलीस दारात आला आणि वडिलांना म्हणाला, "काका, पोरीला ती पोस्ट काढायला सांगा. वरून आदेश आहे, नाहीतर गुन्हा दाखल होईल." वडील सरकारचे कट्टर समर्थक होते, त्यावरून आमचं रोज वाजायचं आणि ही पोस्टही त्यांना पटली नव्हती. आता ते माझ्यावरच ओरडणार असं मला वाटलं. पण ते उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "मत मी तुमच्याच सरकारला दिलंय, अन् पुढंबी देणार. पण तिनं लिवलंय ते खोटं नाय. आत येऊन नळ सोडून बघा." पोलीस उंबऱ्यावरूनच परत फिरला. दुसऱ्या दिवशी माझी पोस्ट कुणालाच दिसेना, सरकारी आदेशावरून ती परस्पर बंद केली होती. तेव्हा वडिलांनी ती माझ्याकडून तोंडी ऐकून घेतली आणि टँकरपाशी जमलेल्या लोकांना मोठ्यानं सांगितली. पुढच्या निवडणुकीत त्यांनी मत पुन्हा त्याच पक्षाला दिलं आणि आमची भांडणं वडील जाईपर्यंत चालली. आता माझ्या मताला घरात कुणीच विरोध करत नाही.