अप्पा का परत गेले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शिरीषला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी त्यालाच सांगायला हवं होतं.

अमेरिकेतल्या डब्लिनला घर घेतलं त्याच वर्षी न्यूयॉर्कचे टॉवर पडले. पुढच्याच महिन्यात ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये एक माणूस माझ्या गाडीपर्यंत ओरडत आला. काचेवर थाप मारली. बस, एवढंच. पण शिरीष सोमवार ते गुरुवार कामासाठी शिकागोला, घरात मी एकटी. पानं वाजली तरी उठून दारं तपासायचे. तुम्ही म्हणाल, नवऱ्याशी का नाही बोललीस? तो हसला असता — मला तेव्हा असं वाटायचं.

एका शनिवारी ग्रोसरीला जाते म्हणून निघाले आणि बंदुकांच्या दुकानात गेले. ग्रीन कार्ड होतं, फॉर्म भरला. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने जड रायफल बाजूला सारली. म्हणाला, पहिलीच ना? मग पॉइंट टू-टू घ्या. स्वस्त, हलकी, खांद्याला धक्का नाही. कशासाठी हवी? नेमबाजी शिकायचीय, म्हटलं. खोटं. मी मनात फक्त मोजत होते — कपाटात, पैठणीच्या बॅगेमागे मावेल का?

मावली.

वसंतात सासरे आले, अप्पा. सासूबाई गेल्यानंतर नागपूरला एकटेच असायचे. सहा महिने राहणार होते. रोज दुपारी पायी लायब्ररीत जायचे, चारला परत. रायफलीचं त्यांनाही सांगितलं नाही.

त्या दिवशी ताप म्हणून मी ऑफिसला गेले नव्हते. दोनच्या सुमाराला खाली बेसमेंटचं दार करकरलं. अप्पा एवढ्यात येणार नाहीत, आले तर पुढच्या दाराने येतील — एवढाच हिशेब डोक्यात. बॅगेमागून रायफल काढली, गोळी भरली. जिन्यावर पावलं. हाक का नाही मारली मी? एक हाक?

पावलं वळली आणि नळीसमोर अप्पा उभे. माझं बोट चापावर.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "मी आहे गं."

मला नळी खाली करायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. ते तिथेच पायरीवर बसले. पँट ओली झाली होती. ती त्यांनी स्वतः धुतली. लायब्ररी बंद होती आणि पुढच्या दाराची किल्ली घरातच राहिली, म्हणून बेसमेंटमधून आले होते, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "शिरीषला मी काही बोलणार नाही. सांगायचं तर तू सांग."

मी रायफल दुकानात देऊन आले. सांगितलं नाही.

अप्पांनी तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं. "महिनाही नाही झाला, अप्पा!" शिरीष चिडला. "करमत नाही रे," एवढंच ते म्हणाले. एअरपोर्टवर शिरीष त्यांच्या पाया पडला नाही. नंतर फोन कमी झाले, मग दिवाळीपुरते उरले. दोन वर्षांनी अप्पा गेले, तेव्हा बोलणं जवळजवळ बंदच होतं.

काल लेकीने त्यांचा फोटो पाहून विचारलं, "बाबा, आजोबा डिडन्ट लाइक अस?"

"त्यांना आपलं घर आवडलं नाही," शिरीष म्हणाला.

मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.